बापूंचा आवाज

बापूंना हळू बोलता येत नव्हतं. देवळात, दवाखान्यात, पाहुण्यांच्या बैठकीत, कुठंही. एखादी गोष्ट गुपचूप सांगायची म्हणून ते माझ्या कानाशी यायचे, तोंडावर हात आडवा धरायचे आणि जे सांगायचे ते शेजारच्या घरांपर्यंत जायचं. माझी आई, जिला आम्ही याडी म्हणतो, ती कपाळावर हात मारून घ्यायची. "ह्या माणसाला गुपित सांगावं अन् तांड्यात दवंडी पिटावी, एकच हाये."

आमचा तांडा गोरेगावच्या अलीकडे, माळाच्या उतारावर आहे. घरात आम्ही आमची गोरमाटी बोलतो, गावात गेलो की मराठी. बापूंच्या बोलण्यात या दोन्हींत फौजेची हिंदी मिसळलेली असायची. जेवणाला ते लंगर म्हणायचे. अंथरुणाला बिस्तरा. सकाळी दाढी केल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली तरी घोंगडीची घडी अशी घालायचे की तिच्या कडा पट्टी लावून आखल्यासारख्या दिसाव्यात. याडीनं घातलेल्या घडीबद्दल ते तिच्यासमोर काही बोलायचे नाहीत, पण ती पाण्याला गेली की उलगडून पुन्हा घालायचे. याडीला हे माहीत होतं. ती मुद्दाम वाकडी घालायची.

संध्याकाळी शेळ्या माळावर पांगलेल्या असायच्या. बापू बांधावर उभे राहायचे आणि एक लांब हाक द्यायचे. शब्द नसायचा त्यात, नुसताच सूर. शेळ्या माना वर करायच्या आणि निघायच्या. कुणाचं पोर ओढ्याकडे खेळत राहिलं की त्याची आई आमच्या दारात यायची. "काका, जरा हाक द्या न्हं." बापू हातातलं काम ठेवून उठायचे. त्या हाकेला पोर आलं नाही असं कधी झालं नाही.

हा आवाज त्यांना फौजेनं दिला होता, असं ते म्हणायचे. याडीचं म्हणणं, तो जन्माचाच होता, फौजेनं त्याला नुसता पगार दिला.

त्यांच्या लग्नाची गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली आहे की मी तिथं हजर होते असं मला वाटतं. सोयरीक जुळवताना याडीच्या वडलांना सांगितलं गेलं, की मोतीराम राठोड फौजेत ड्रायव्हर आहे. याडीनं मनातल्या मनात एक हिरवा ट्रक उभा केला. ताडपत्रीचा. त्यात पुढं बसून आपण बाजाराला जाऊ, मैत्रिणी बघतील, असं तिनं ठरवून टाकलं. लग्नानंतर बापू पहिल्या सुट्टीवर आले तेव्हा ती म्हणाली, "तुमची गाडी तरी दाखवा."

बापूंनी खिशातून फोटो काढला. फोटोत बर्फ होता, बापू होते, आणि बापूंच्या खांद्यावर मान टाकून उभं असलेलं एक खेचर होतं.

"ही बघ. चंपा."

याडी त्यांच्याशी बोलेना. बापू चुलीपाशी बसून तिला समजावत राहिले, "अगं, फौजेत खेचर हाकणाऱ्यालाबी ड्रायव्हरच म्हणत्यात. मी खोटं न्हाई बोललो. माज्या गाडीला कान हायेत, एवढाच फरक."

माझ्या आज्याला, बापूंच्या वडलांना, मात्र ते ऐकून आनंद झाला म्हणे. आमचे जुने लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरायचे. सरकारनं पोराला घरच्याच धंद्याला लावलं, असं तो चार लोकांत सांगायचा. पुढं कितीतरी वर्षं याडी रागावली की म्हणायची, "जा, तुमच्या चंपीकडं जा." आणि बापू खरंच थोडे उदास व्हायचे, कारण चंपा त्यांच्याआधीच रिटायर झाली होती आणि तिचं पुढं काय झालं ते त्यांना कधी कळलं नाही.

जिथं गाडी जात नाही अशा चौक्यांवर रॉकेल, पीठ, डाळ, टपाल पोचवायचं, हे त्यांचं काम. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मधे खेचराच्या खुराएवढी वाट. धुकं उतरलं की पुढचा माणूस दिसायचा नाही. मग बापूंना सगळ्यांच्या पुढं चालवायचे. ते हाक देत चालायचे आणि मागची सगळी रांग, माणसं आणि जनावरं, त्या हाकेच्या मागं मागं यायची. एकदा बर्फाच्या वादळात चंपा मधेच थांबली. काही केल्या पाऊल उचलेना. मागून लोक ओरडू लागले, मार तिला. बापूंनी मारलं नाही. ते तिच्या मानेला हात लावून उभे राहिले. थोड्या वेळानं समोरच्या वळणावर डोंगराचा अख्खा बर्फ खाली आला.

"जनावर थांबलं तर मारू नये," ते सांगायचे, "इचारावं. त्याला कायतरी दिसलेलं आसतं."

पराक्रमाच्या गोष्टी त्यांनी आम्हाला फारशा सांगितल्या नाहीत. गोळीबाराविषयी विचारलं की म्हणायचे, "लांब व्हता." मेडल होती, ती याडीच्या लुगड्यांच्या पेटीत तळाशी. त्यांना अभिमान कशाचा होता, तर आपल्या हाताखालून गेलेला माल पोचला याचा. "पीठ पोचलं पायजे," हे त्यांचं वाक्य होतं. मी बारावीत नापास होते की काय या भीतीनं रडत बसले होते तेव्हा तेच. लग्नात माझा पाय उचलेना तेव्हाही माझ्या डोक्यावर हात ठेवून तेच. पिठाचा माझ्या लग्नाशी काय संबंध, हे मांडवात कुणाला कळलं नाही. मला कळलं.

मी पाच-सहा वर्षांची असताना ते दीर्घ काळानं सुट्टीवर आले. याडी रानात होती. दारात एक उंच माणूस, हातात लोखंडी ट्रंक. मी कडी लावून आत दडले. बाहेरून आवाज आला, पण हळू करायचा प्रयत्न केलेला, त्यामुळे घोगरा.

"आत येयाची परवानगी हाये का?"

"न्हाई," मी म्हणाले.

"बरं."

आणि ते उभे राहिले. ट्रंकेवर बसलेसुद्धा नाहीत. शेजारची म्हातारी म्हणाली, अरे मोत्या, धक्का दे, कडी सैल हाये. ते म्हणाले, "संतरीनं परवानगी न्हाई दिली, मावशे." मी फटीतून बघत होते. ऊन त्यांच्या तोंडावर आलं होतं आणि घाम डोळ्यात उतरत होता, तरी ते सरळ उभे. शेवटी मीच विचारलं, "तुमी कोण?"

"हवालदार मोतीराम राठोड. मंगलाचा बाप."

मी कडी काढली. ते आत आले, माझ्यासमोर गुडघ्यावर बसले आणि मला कडक सलाम ठोकला. मग त्यांच्याच्यानं राहवलं नाही. त्यांनी मला उचललं आणि इतक्या मोठ्यानं हसले की मी परत घाबरले.

रिटायर झाल्यावर त्यांच्याबरोबरचे बरेच जण शहरात बँकेच्या दारावर किंवा कंपनीच्या गेटवर बंदूक घेऊन उभे राहिले. बापू तांड्यात परतले. थोडी हळद, थोडी तूर, शेळ्या. आणि पहाटेच्या उजेडात माळावर पोरींची पळापळ. कुणी सांगितलं नव्हतं. एक दिवस दोन पोरी शाळेच्या शर्यतीसाठी पळत होत्या, बापू बांधावर दात घासत होते, त्यांना पोरींचं पळणं बघवलं नाही. "हात कुठं चाललेत? हात सरळ!" तिथून ते सुरू झालं. मग आजूबाजूच्या वस्तीवरच्या पोरी येऊ लागल्या. पोलीस भरतीला, फौजेच्या भरतीला.

त्यातली एक कविता. तिचे आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे. त्या वर्षी दसऱ्यानंतर ट्रक आला, सामान चढलं, आणि सामानावर कविताही चढून बसली. चेहरा उतरलेला. बापू ट्रकच्या समोर जाऊन उभे राहिले.

"देवीदास, पोरगी उतरव."

"काका, आमी दोघं फडात आसल्यावर सैपाक कोण करंल?"

"तू कर."

"मी?"

"काहून? मी फौजेत केला. माजे हात गळून न्हाई पडले."

ट्रकवरच्या बाया हसायला लागल्या. देवीदास वरमला. बापू आवाज कमी करून, म्हणजे फक्त अर्ध्या तांड्याला ऐकू जाईल असं, म्हणाले, "लेकरू चांगलं पळून राहिलंय. थांबवू नको त्याला. आमच्या घरी ऱ्हाईल." कविता खाली उतरली. त्या हिवाळ्यात आणि पुढच्या दोन्ही हिवाळ्यांत ती आमच्याच घरी राहिली, याडीच्या शेजारी झोपली. आज ती पोलिसात आहे.

गोरेगावात बापूंचं एक ठरलेलं ठिकाण होतं, गफारचाचांचं शिलाईचं दुकान. गफारचाचा आणि बापू शाळेत एका बाकावर होते. बाजाराच्या दिवशी बापू तिथं जाऊन बसायचे आणि बोलायचे. गफारचाचा मशीन चालवत ऐकायचे, किंवा ऐकायचे नाहीत. मधेच म्हणायचे, "फौजी, जरा आहिस्ता बोलो. मेरी सुई टूट जाती." बापू आणखी मोठ्यानं हसायचे.

आणि होळी. आमच्याकडे होळीच्या आधी कितीतरी दिवस डफ वाजत असतो आणि बाप्ये-बाया लेंगी म्हणतात, ती आमची होळीची गाणी. एकानं ओळ उचलायची, बाकीच्यांनी झेलायची. आमच्या तांड्यात ओळ उचलायचे बापू. फौजेत असतानाही दिवाळी सोडून होळीची सुट्टी मागायचे. ज्या वर्षी सुट्टी मिळायची नाही, त्या वर्षी लेंगी दुसरं कुणीतरी म्हणायचं आणि याडी घरातून बाहेर पडायची नाही.

मी आरोग्यसेविका आहे. नोकरी आणि सासर दोन्ही जवळा बाजारला. बापू रोज संध्याकाळी फोन करायचे. मी फोन कानापासून वीतभर लांब धरायचे. त्या वर्षी दिवाळीनंतर एक दिवस फोन वाजला आणि मी सवयीनं तो लांब धरला, तर काही ऐकूच येईना. कानाला लावला. "थंडीनं बसलाय घसा," पलीकडून कुणीतरी म्हणत होतं. मला क्षणभर ते बापू आहेत हे ओळखू आलं नाही.

मी थांबले नाही. रजा टाकली आणि त्यांना नांदेडला घेऊन गेले. तपासण्या झाल्या. डॉक्टर भला माणूस होता, मला बाजूला बोलवायला लागला. बापू म्हणाले, "साब, जे हाये ते माज्यासमोर बोला."

घशात गाठ होती. स्वरयंत्रावर. ते सगळंच काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले. श्वासासाठी गळ्याला खाली भोक राहील.

"म्हंजे आवाज?"

"आवाज राहणार नाही."

बापूंनी डॉक्टरच्या टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघितलं. मग म्हणाले, "खेचर घसरून दरीकडं जाया लागलं, तर बोज्याची दोरी कापावी लागती. बोजा जातो. खेचर ऱ्हातं." आणि उठून उभे राहिले. "कापा."

डॉक्टरांनी बिडी-सिगरेटचं विचारलं तेव्हा ते हो म्हणाले. थंडीत वरच्या चौक्यांवर ओढली होती, पुढं सुटली नाही. पण एसटीत बसल्यावर मला म्हणाले, "बिडीचं निमित्त हाये, मंगला. धुक्यात हाका घालून घालून मी माजा आवाज तवाच वापरून टाकला. इतके दिस चालला, हेच लई झालं."

ऑपरेशन पुण्याला, फौजेच्या दवाखान्यात झालं. याडीला प्रवास झेपत नव्हता, ती घरीच राहिली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी बापू कॉटवर बसले आणि मला म्हणाले, "फोन लाव." एकेकाला. माझ्या काकाला, आत्याला, कविताला, देवीदासला फडावर. कुणाशीच ते जास्त बोलले नाहीत. प्रत्येकाला त्याच्या नावानं हाक मारायचे, "बरा हाय का" विचारायचे आणि ठेवायचे. गफारचाचांना म्हणाले, "गफार, आता तुजी सुई न्हाई तुटायची."

शेवटी याडीला. तिला त्यांनी शेळीला पेंड घातली का विचारलं, कोपऱ्यातली हळद उन्हात टाकायला सांगितली, दाराची कडी दुरुस्त करून घे म्हणाले. मग तिचं नाव घेतलं. आमच्यात नवरा बायकोचं नाव असं घेत नाही. मी ते त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "शांती," ते म्हणाले. आणि पुन्हा, "शांती." फोन माझ्या हातात देऊन ते खिडकीकडे तोंड करून बसले.

मी म्हणाले, "बापू, मी तुमचा आवाज मोबाईलमधी भरून ठेवते. कायबी बोला."

"नको."

"काहून?"

"ऐकून रडशीन. तुजी आई त्या फोनपाशी बसून ऱ्हाईल. तो मोबाईल काय शेळ्या बोलावणार हाये का? नको." त्यांनी माझा हात धरून मोबाईल खाली करवला. मी त्यांचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना आत नेताना दारापाशी त्यांनी मला हाक मारली. बसक्या, फाटक्या आवाजात. "मंगला." काही काम नव्हतं. नुसतं नाव.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी सिस्टरला हाक मारली. ओठ हलले, छाती भरली, गळ्यातल्या नळीतून फुस्स झालं. त्यांनी पुन्हा केलं. मग माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काहीतरी करायचं विसरले आहे. मी त्यांचा हात धरला. मग त्यांना आठवलं असावं. ते भिंतीकडे वळले आणि त्यांचे खांदे हलू लागले. माणूस अगदी आवाज न करता रडतो ते मी माझ्या नोकरीत पुष्कळ बघितलं आहे, पण ते सगळे आवाज दाबून रडत होते. बापूंकडे दाबायलाही काही नव्हतं.

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी ते सवयीनं बांधावर गेले. शेळ्या लांब चरत होत्या. ते उभे राहिले, आणि तसेच उभे राहिले. मी ओट्यावरून बघत होते. जावं की नाही मला कळेना. याडी भाकरी थापत होती, ती पिठाच्या हातानं उठली, त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनं हाक दिली. तिची हाक पातळ, चिरकी. शेळ्यांनी माना वर केल्या, इकडं तिकडं बघितलं आणि शेवटी आल्या. दोघंही शेळ्यांमागून घरी आले. त्या दिवसापासून ते रोज दोघं बांधावर जाऊ लागले.

गळ्याच्या भोकावर कापड लागायचं, धूळ जाऊ नये म्हणून. गफारचाचांनी मापं घेतली. पहिल्यांदा त्यांनी हौसेनं फौजी हिरव्या कापडाचं शिवलं, पण त्यातून हवा जाईना, बापूंचा जीव घुसमटला. चाचांनी ते हिसकावून घेतलं आणि मऊ मलमलची ढीगभर शिवून दिली, नाडीची, धुवायला सोपी. बापू बाजाराच्या दिवशी पुन्हा दुकानात जाऊन बसू लागले. मी एकदा गेले तेव्हा बघितलं, बापू हातवारे करून, ओठ हलवून काहीतरी सांगत होते आणि चाचांनी मशीन बंद ठेवलं होतं. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. ते म्हणालं, "चाचा, माजा पायजमा?" चाचा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "ठैर. फौजी बात कर रहा."

माळावरच्या पोरी पुन्हा यायला लागल्या. एका पोरीनं प्रेमानं शिट्टी आणली, लाल दोरीची, आणि बापूंच्या गळ्यात घातली. बापूंनी ती ओठात धरली. आता त्यांचा श्वास तोंडातून येत नव्हता, गळ्यातून येत होता, हे त्या पोरीला कसं माहीत असणार? बापूंना माहीत होतं. तरी त्यांनी गाल फुगवले. शिट्टीतला खडा हललासुद्धा नाही. बापूंनी शिट्टी काढून त्या पोरीच्याच गळ्यात घातली, तिच्या डोक्यावर टपली मारली, खांद्यावरचा टॉवेल हवेत धरला आणि सोडला. टॉवेल जमिनीवर पडला तशा पोरी सुटल्या. पुढं ते असंच चालू राहिलं.

मग होळी आली. मी त्या वर्षी मुद्दाम आले. आमच्याकडे होळी पहाटे पेटते. बापू घरात बसून होते, पाठ दाराकडे. बाहेर डफ सुरू झाला. कुणीतरी ओळ उचलली, दुसऱ्यानं चुकीची झेलली, हसाहसी झाली, पुन्हा सुरू झालं, पुन्हा मोडलं. बापूंची बोटं गुडघ्यावर चालत होती. चूक झाली की थांबायची.

याडी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "चला."

त्यांनी मान हलवली. नाही.

"मी हाये न्हं," ती म्हणाली. "चला म्हणते."

माझी आई चारचौघांत कधी गायलेली नव्हती. ती बापूंचा हात धरून त्यांना उजेडात घेऊन गेली. गोल थोडा उघडला. बापूंनी एकाच्या हातातला डफ घेतला, तापवलेल्या चामड्यावर थाप टाकली आणि ओठांनी ओळ उचलली. आवाज नाही. याडी त्यांच्यासमोर, त्यांच्या तोंडाकडे टक लावून उभी. ओठ हलले तसे तिनं शब्द उचलले. थरथरत्या, पातळ आवाजात, पण सुरात. लोकांनी ती ओळ झेलली. बापूंनी पुढची दिली. याडीनं उचलली. होळीचा जाळ वर चढला तसा तिचा आवाजही चढत गेला आणि तिनं त्यांच्या तोंडावरून डोळे एकदाही काढले नाहीत. मी एवढी वर्षं त्यांच्या घरात वाढले, पण नवरा-बायको म्हणून मी त्यांना बघितलं ते त्या पहाटे.

त्यानंतर याडी त्यांचे ओठ वाचण्यात इतकी तरबेज झाली की ते बोलायच्या आधीच उत्तर द्यायची. त्यांची भांडणंसुद्धा व्हायची. एकीकडून आवाज, दुसरीकडून नुसते ओठ आणि हात. मला त्यातलं निम्मंच कळायचं.

पुढची होळी त्यांना मिळाली नाही. हिवाळ्यात खोकला वाढला, वजन उतरलं. तपासणीत फुफ्फुसात पसरल्याचं निघालं. मी डॉक्टरांशी बोलून बाहेर आले तेव्हा त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मला चहा पाजला. महिन्याभरानं, माघातल्या एका दुपारी, ओट्यावर उन्हाला पडलेले असताना ते गेले. याडी शेजारीच तूर पाखडत होती. तिला वाटलं, डोळा लागला.

आजूबाजूच्या गावांतले रिटायर फौजी आले. कुणी काठी टेकत, कुणी नातवाच्या मोटारसायकलवर. छातीवर मेडल लावून ते एका ओळीत उभे राहिले. सलाम द्यायचा होता आणि हुकूम कुणी द्यायचा यावर ते म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. कविता ड्युटीवरून तशीच आली होती, वर्दीत. ती पुढं झाली. "सावधान!" तिनं आवाज दिला, आणि दुसरा शब्द तिला फुटेना. ते सगळे म्हातारे तसेच सावधान उभे राहिले, तिचं रडणं होईपर्यंत. गफारचाचा चितेपाशी गेले आणि मलमलची एक घडी त्यांनी बापूंच्या गळ्यावर ठेवली. नवी, कोरी.

आता याडी कधीकधी विचारते, "एखांद्या फोनमधी त्यांचा आवाज आसंल का गं?" मी सगळीकडे शोधला. माझ्या लग्नाचा व्हिडिओ आहे. त्यात बापू मांडवात उभे राहून कुणाला तरी जोरात हाक मारताना दिसतात. तोंड पूर्ण उघडलेलं, गळ्याची शीर ताठ. पण व्हिडिओवाल्यानं त्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सनई टाकली आहे. मी याडीला तो दाखवला. तिनं बघितला आणि म्हणाली, "वाढप्याला बोलावून राहिलेत. बुंदी संपली म्हणून." आणि पदर तोंडाला लावून बसली. मलाही तो आवाज आता आठवतो असं खात्रीनं सांगता येत नाही. मोठा होता, एवढं आठवतं. कसा होता ते निसटत चाललंय.

बापू गेले त्याच आठवड्यात, त्याच्या थोडं आधी, मी त्यांना भेटून परत निघाले होते. त्यांना दम लागत होता म्हणून स्टँडवर येऊ नका असं मी बजावून सांगितलं होतं. गोरेगावहून सेनगावची जीप धरली. तांड्याजवळच्या रस्त्यानं जाताना मी खिडकीशी बसून उगाच आमच्या रानाकडे बघत होते. तूर कापून झाली होती. त्या धसकटांतून एक माणूस तिरपा धावत रस्त्याकडे येत होता. एक हात वर. गळ्यावरचं पांढरं कापड वाऱ्यानं उडत होतं.

"थांबवा," मी ओरडले, "थांबवा, माजे बापू हायेत!"

जीप थोडी पुढं जाऊन थांबली. मी उतरले. ते आले. गळ्यातून शीळ घातल्यासारखा श्वास चालला होता, चेहरा काळा-निळा पडला होता. त्यांनी मूठ पुढं केली. मुठीत माझ्या मोबाईलचा चार्जर होता, वायर नीट गुंडाळून, वर रबर लावलेलं.

"बापू, ह्याच्यासाठी पळलात?"

ते हसले. मग त्यांचे ओठ हलले. काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही. "काय?" मी विचारलं. त्यांनी पुन्हा म्हटलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. याडी असती तर तिला कळलं असतं. जीपमधून लोक हाका मारत होते. मी कळल्यासारखी मान हलवली. त्यांना बरं वाटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मला जीपकडे वळवलं.

मी मागच्या काचेतून बघत होते. ते रस्त्याच्या मधोमध वाकून उभे होते, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, श्वास गोळा करत. धूळ त्यांच्या अंगावर येत होती. मग मान वर न करता त्यांनी एक हात गुडघ्यावरून उचलला आणि हवेत पुढं ढकलला. जा. जा तू.